नवी तीनचाकी डावीकडे ओढते, वळणावर उलटेल असे वाटते : काय तपासावे आणि कुठे थांबावे

दिव्यांगांसाठी साईड व्हील बसवलेल्या स्कूटरच्या, म्हणजे आपल्या तीनचाकीच्या, तक्रारी जवळजवळ ठरलेल्या असतात. सरळ रस्त्यावर हँडल सतत डावीकडे ओढले जाते आणि पाच-सात किलोमीटरमध्ये दोन्ही खांदे भरून येतात. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलंडते आहे असे वाटून हात आखडतात, आणि ज्या बाजूला वळायचे असते त्याच्या नेमक्या उलट बाजूला गाडी पहिला झोल घेते. खड्डा पुढच्या चाकाने चुकवला तरी मागून दणका बसतोच. गतिरोधकावर किंवा फाटकाच्या उंबरठ्यावर इंजिन नुसते गुरगुरते आणि गाडी जागची हलत नाही. यांतल्या दोन-तीन गोष्टी एकदम वाट्याला आल्या की माणूस साईड व्हीलचे किट बसवणाऱ्याला फोन करतो, तो 'होईल सवय' म्हणतो, आणि नवी कोरी गाडी महिनाभर कव्हराखाली पडून राहते.

माझ्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला आणि गेली एकोणीस वर्षे मी साताऱ्यात साईड व्हील बसवलेल्या स्कूटरवरच फिरतो. सध्याची गाडी तिसरी आहे. मी मेकॅनिक नाही, परंतु ओळखीपाळखीतून लोक आपापल्या गाड्या माझ्या अंगणात आणून लावतात, आणि वर लिहिलेली तक्रार मी इतक्यांदा निस्तरली आहे की आता गाडी फाटकातून आत येताना पाहूनच निम्मा अंदाज येतो. माझे मत असे की यांतल्या अर्ध्याहून अधिक तक्रारी हवा, ओझे आणि हाताची जुनी सवय या तीन फुकटच्या गोष्टींत मिटतात. उरलेल्या मात्र खरोखर गाडीत असतात आणि त्यांतल्या काही धोक्याच्या असतात. म्हणून पुढचा क्रम मोडू नये. आधीच किट सैल करून बसलात, तर मूळ दोष कोणता आणि तुम्ही नवा घातलेला कोणता हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

एक खुलासा आधी करतो. येथे तीनचाकी म्हणजे दिव्यांगांसाठी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक लावलेली स्कूटर. मोजली तर चाके चार भरतात, पण आपल्याकडे सरकारी योजनेपासून गॅरेजपर्यंत सगळे तिला तीनचाकीच म्हणतात. मागे एकाच आसावर दोन चाके असलेल्या गाडीलाही यातले बहुतेक सारे लागू पडते. पियाजिओ एमपी३ किंवा यामाहा निकेन यांसारख्या, पुढे दोन चाके असून वळणावर दुचाकीप्रमाणे झुकणाऱ्या गाड्यांना मात्र ते लागू नाही. त्यांचे व्हिडिओ पाहून आपली गाडी शिकायला निघालेले दोन जण माझ्याकडे आले होते, आणि दोघांचीही गाडी थेट कुंपणात गेली होती.

सगळ्याच्या मुळाशी असलेली एक गोष्ट

स्कूटर ज्या बाजूला तिरपी होते त्या बाजूला तिचे पुढचे चाक आपोआप वळते. उभी दुचाकी हँडल न धरता किंचित डावीकडे कलती करून पाहा, हँडल डावीकडे पडेल. दुचाकीवर आपण नकळत गाडी उभी राखत असतो, त्यामुळे हे जाणवत नाही. तीनचाकी मात्र जमीन जशी असेल तशी उभी राहते, आणि जमीन, टायर, स्प्रिंग किंवा ओझे यांपैकी कशामुळेही ती एका बाजूला कलली की हँडल दिवसभर त्या बाजूला पडत राहते. ओढीच्या तक्रारीत शोधायचे ते एवढेच असते, की गाडी कशामुळे तिरपी उभी आहे.

हवा

सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना चारही चाकांतील हवा मोजून घ्यावी. गरम टायरमधला आकडा जास्त दिसतो आणि त्यावर विसंबून हवा काढली तर दुसऱ्या दिवशी ती कमी भरते. पुढच्या आणि मधल्या चाकाचा आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. साईड व्हीलचा आकडा किट बसवणाऱ्याकडून लिहून घ्यावा. तो आकडा नेमका किती यापेक्षाही डावा आणि उजवा सारखा असणे महत्त्वाचे आहे, कारण एका बाजूला दहा पौंड हवा कमी असली तरी टायर डोळ्यांना चांगलाच दिसतो, पण बसलेल्या माणसाच्या वजनाखाली तो काही मिलिमीटर दबतो आणि गाडी तिकडे कलते. पंक्चरवाल्याकडच्या मीटरवर फार भरवसा ठेवू नये. दोन-तीनशे रुपयांचा स्वतःचा हातमीटर घ्यावा, निदान दोन्ही बाजू एकाच मीटरने मोजल्या जातील.

आमच्या भागातल्या एका काकांनी डावीकडच्या ओढीसाठी तीन वेळा किट काढून पुन्हा बसवून घेतले होते. माझ्याकडे आले तेव्हा डाव्या साईड व्हीलचा व्हॉल्व्ह थुंकी लावून पाहिला, तर बुडबुडा आला. वीस रुपयांची व्हॉल्व्ह पिन बदलली आणि ओढ गेली. तेव्हापासून मी कोणाचेही म्हणणे ऐकून घेण्याआधी हवा मोजतो.

ओझे आणि बसण्याची जागा

यालाही खर्च नाही. कुबड्यांचा स्टँड, पिशवीचा हूक, पाण्याची बाटली, डिक्कीतली हत्यारे हे सारे एकाच बाजूला गेले आहे का ते पाहावे. एकट्या कुबड्यांनी फरक पडत नाही. पण घरगुती गॅसचा सिलिंडर साईड व्हीलच्या पत्र्यावर ठेवून आणण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि १४.२ किलो गॅस असलेला भरलेला सिलिंडर टाकीसकट तीस किलोच्या आसपास जातो. तेवढे वजन एका बाजूला घेऊन गाडी सरळ चालावी अशी अपेक्षाच चुकीची आहे.

त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे आपली बैठक. एका पायात जोर नसला की आपण न कळत चांगल्या पायाच्या बाजूला सरकून, त्या कुल्ल्यावर भार देऊन बसतो. मलाही हे पहिली काही वर्षे माहीत नव्हते. मागून कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला तेव्हा दिसले की मी सीटच्या मध्यापासून चांगला चार बोटे उजवीकडे होतो. तुम्हीही गाडी सपाट फरशीवर उभी करून, नेहमीसारखे बसून, मागून एक फोटो काढून घ्या. कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा साचा, लावत असाल तर तो लावूनच बसा. अशक्त पायाखाली पायदानावर रबराचा जाड तुकडा ठेवला आणि पाय घसरू नये म्हणून सैल पट्टा लावला, की बैठक बहुधा आपोआप मध्यावर येते. पट्टा सैलच हवा. पडण्याच्या वेळी पाय सुटला पाहिजे.

रस्त्याचा ढाळ

पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्ता मध्यापासून कडांकडे उतरता ठेवतात. हा ढाळ साधारण दोन ते अडीच टक्के असतो. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणजे जन्मभर डाव्या उतारावर चालतो. साईड व्हीलमधले अंतर तीन फूट धरले तर अडीच टक्के ढाळावर डावे चाक उजव्यापेक्षा सव्वादोन सेंटिमीटर खाली असते. दुचाकीस्वाराला हा ढाळ कधीच कळत नाही आणि तीनचाकीवर बसल्याच्या पहिल्या दिवशी तो हातात येतो. म्हणून शंभरातले बहुतेक लोक 'डावीकडे' ओढते म्हणतात, 'उजवीकडे' म्हणणारे थोडे.

याची परीक्षा सोपी आहे. काँक्रीटचे सपाट आवार शोधा, उदाहरणार्थ सुटीच्या दिवशी शाळेचे अंगण किंवा मंगल कार्यालयाचा पार्किंगचा भाग. ताशी दहा-पंधरा किलोमीटर वेगाने एका दिशेने जा, नंतर त्याच रेषेवरून उलट दिशेने या. जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे ओढत असेल, तर जमीन उतरती आहे आणि गाडी निर्दोष आहे. दोन्ही वेळा एकाच बाजूला ओढत असेल, तर दोष गाडीत किंवा बैठकीत आहे. ही परीक्षा वाहत्या रस्त्यावर, चुकीच्या बाजूने चालवून करू नये, हे सांगावे लागते कारण एकाने ती तशी केली होती.

दोष केवळ ढाळाचा निघाला तर गाडीला हात लावू नये. काही कारागीर डावे साईड व्हील थोडे खाली उतरवून ही ओढ 'काढून' देतात. मग गाडी उतरत्या रस्त्यावर सरळ चालते आणि सपाटावर उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या अंगावर, जाऊ लागते. रस्त्याच्या अगदी कडेला ढाळ जास्त असतो; वाहतूक पाहून कडेपासून तीन-चार फूट आत चालवली की अर्धा त्रास कमी होतो.

हाताची जुनी सवय

गाडी सपाट जागेवर सरळ चालते आणि तरीही वळणावर भीती वाटते, अशा लोकांसाठी हा भाग आहे, आणि येथे घाई केलेली मला चालत नाही. चमत्कारिक वाटेल, पण या गाडीवर सगळ्यांत जास्त चाचपडतात ते तीस-तीस वर्षे दुचाकी चालवलेले लोक. पक्षाघातानंतर तीनचाकीवर आलेले एक गुरुजी पहिल्याच डाव्या वळणाला उजवीकडच्या मेंदीच्या कुंपणात गेले. त्याच आठवड्यात, आयुष्यात कधी सायकलही न चालवलेली एक ताई दोन दिवसांत बाजार करून आली.

कारण असे. दुचाकी थोड्या वेगात असताना डावीकडे वळायची तर आपण हँडलची डावी मूठ हलकेच पुढे ढकलतो. त्याने चाक क्षणभर उजवीकडे फिरते, गाडी डावीकडे झुकते आणि डावीकडे वळते. हे आपण करतो असे कोणालाच आठवत नाही, हात परस्पर करतात. तीनचाकी झुकत नाही. तिची डावी मूठ पुढे ढकलली की चाक उजवीकडे फिरते आणि गाडी उजवीकडेच जाते. गुरुजींच्या हातांनी तीस वर्षांचे शहाणपण वापरले होते, फक्त गाडी वेगळी होती. त्यांना मी एकच वाक्य दिले : ज्या बाजूला जायचे त्या बाजूची मूठ पोटाकडे ओढा.

सराव मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगाने सुरू करावा. कोपर सैल, नजर पुढच्या चाकावर न ठेवता जिथे जायचे तिथे, आणि दोन विटा पंधरा-वीस पावलांवर ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकारात फेऱ्या. पहिल्या दिवशी वीस मिनिटे पुरे. दमलेले हात पुन्हा जुन्या सवयीवर जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून वळताना कमरेवरचे अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवायला शिकावे. नवा माणूस नेमके उलटे करतो : गाडी बाहेर कलते आहे असे वाटून तोही बाहेरच्या अंगाला ताठ होतो आणि आधीच दबलेल्या बाहेरच्या चाकावर आपले वजन टाकतो.

आता ही 'उलटेल' ही भीती खरी किती? साईड व्हीलला स्प्रिंग असतात, त्यामुळे वळणावर बाहेरची बाजू थोडी दबणारच, ते दबणे म्हणजे उलटणे नव्हे. आतले चाक जमीन सोडते का हा खरा प्रश्न आहे, आणि तो बसलेल्या माणसाला कळत नाही. मागे उभे राहून कोणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगावे. चाक उचलले जात असेल तर बहुतेक वेळा कारण वेग असते. दहा मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० किलोमीटर वेगाने गेलात तर वजनाच्या सुमारे ३१ टक्के इतका जोर तुम्हाला बाहेर ढकलतो. ३० किलोमीटर वेगाने तोच जोर ७१ टक्क्यांवर जातो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बाहेरच्या चाकांत तीन फूट अंतर आणि स्वारासह भारमध्य (सगळ्या वजनाचा मध्यबिंदू) जमिनीपासून सव्वादोन फूट धरला, तर पुढे-मागे सारखीच रुंद असलेली गाडीसुद्धा या ७१ टक्क्यांना टिकणार नाही. आपली तर पुढे एकाच चाकावर टेकलेली आहे. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ असताना, लावून घ्यावा. वळणात शिरल्यावर दाबलेला ब्रेक वजन पुढच्या एकट्या चाकावर आणतो आणि गाडी पुढच्या बाहेरच्या कोपऱ्यावर कलंडू पाहते.

आणखी तीन सवयी बदलाव्या लागतात. थांबताना पाय खाली टेकू नये. पहिल्या गाडीवर मी पोवई नाक्यावर उजवा पाय सहज खाली सोडला आणि मागून येणारे साईड व्हील बोटांवरून गेले. चांगला असलेला एकुलता एक पाय तीन आठवडे प्लास्टरमध्ये होता. दुसरे म्हणजे गाडीचा सर्वांत रुंद भाग आपल्या पाठीमागे असतो आणि दिसत नाही, म्हणून आरसे असे लावावेत की दोन्ही साईड व्हीलची वरची कड त्यांत दिसेल. तिसरे, खड्डा आणि गतिरोधक. दुचाकीची जमिनीवर एक रेघ उमटते, हिच्या तीन उमटतात. लहान खड्डा पुढच्या चाकाने चुकवण्यापेक्षा वेग कमी करून कोणत्या चाकाखाली घ्यायचा ते ठरवणे बरे. गतिरोधक दुचाकीसारखा तिरपा घेऊ नये, सरळ काटकोनात घ्यावा, नाहीतर एक साईड व्हील वर, दुसरे खाली, आणि हँडलला पीळ बसतो.

दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर खांदे दुखणे थांबते असा माझा अनुभव आहे. त्यानंतरही हात मुंग्या येऊन बधिर होत असतील, तर मनगटाची आणि खांद्याची तपासणी फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावी. हँडल बदलण्याच्या मागे लागू नये.

नटबोल्ट

येथून पुढे पाना लागतो. नव्या किटचे बोल्ट पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये बसून सैल होतात, कारण रंगाचा थर दबतो आणि पट्ट्या आपापल्या जागी येतात. चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरणारे क्लॅम्प, साईड व्हीलच्या आसाचे नट आणि शॉकअपचे वरचे-खालचे बोल्ट हे सारे एकेक करून पान्याने तपासावेत. आधी प्रत्येक नटावर आणि शेजारच्या पट्टीवर रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवली, तर पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसताच नट फिरला हे बसल्या बसल्या कळते. ही युक्ती मला एका ट्रकच्या क्लीनरने शिकवली. नट पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर तो आणखी आवळत बसू नये, नायलॉनचे कडे असलेला नवा नट लावावा. तोही सैल झाला तर भोक मोठे झाले आहे किंवा पट्टी वाकते आहे, आणि ते तुमचे काम नाही.

त्याच बैठकीत जॅक किंवा विटा लावून प्रत्येक चाक उचलावे, वर-खाली धरून हलवून पाहावे. 'टक टक' असा खेळ लागला तर बेअरिंग गेले. हाताने फिरवल्यावर रिम डावी-उजवी नाचत असेल तर रिम वाकली आहे.

मधले चाक आणि साईड व्हीलची उंची

इंजिनचा जोर फक्त मधल्या चाकाला जातो, आणि मागचा ब्रेकही बहुतेक गाड्यांत फक्त त्यालाच असतो. साईड व्हील गरजेपेक्षा खाली बसवली, किंवा त्यांच्या स्प्रिंग फार कडक असल्या, तर वजन तीच पेलतात आणि मधले चाक नुसते जमिनीला टेकलेले राहते. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. पण दोन्ही साईड व्हील उंचवट्यावर आणि मधले चाक खोलगट भागात आले, की ते अधांतरी फिरते : फाटकाच्या उंबरठ्यावर गाडी गुरगुरते पण हलत नाही ती यामुळे. अशा गाडीचा मागचा ब्रेक दाबला की मधले चाक लगेच अडून घासत जाते, विशेषतः पावसात, आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागते. पुष्कळ लोक हा क्लचचा किंवा बेल्टचा दोष समजून हजारो रुपये घालवतात.

उलट, साईड व्हील वर राहिली किंवा स्प्रिंग मऊ पडल्या तर गाडी पाळण्यासारखी डुलते. तुम्ही सीटवर बसा आणि जवळच्या माणसाला सीटचा मागचा भाग दोन्ही बाजूंना ढकलायला सांगा. थोडे दबून स्प्रिंगने परत लोटले पाहिजे. आधी मोकळाच झोका येत असेल तर चाके वर आहेत. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दबत असेल तर तुमची ओढ येथेच आहे. शॉकअपला स्प्रिंगचा ताण बदलण्याची पायरी असेल तर दोन्ही बाजूंना सारखी करावी, एका वेळी एकच पायरी, आणि दर वेळी तीच सपाट जागेची परीक्षा घ्यावी. ज्या किटमध्ये उंची बोल्टने नव्हे तर वेल्डिंगने ठरलेली असते, तिथे घरी काहीही करू नये.

चाके एका दिशेला आहेत का

साईड व्हीलच्या टायरवर तळहात आडवा फिरवून पाहा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर ते चाक सरळ चालत नसून घासत ओढले जाते आहे. मोजण्यासाठी गवंड्याची दोरी पुरते. हँडल सरळ धरून, मधल्या आणि पुढच्या चाकाला चिकटून जाणारी दोरी ताणावी, आणि तिच्यापासून साईड व्हीलच्या रिमच्या पुढच्या कडेचे व मागच्या कडेचे अंतर मोजावे. दोन अंतरांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चाक वाकडे बसले आहे. मोजणे घरी करावे, सरळ करणे शक्यतो किट बसवणाऱ्याकडून करून घ्यावे, कारण एक बाजू सोडली की उंचीही हलते.

येथे थांबावे

पुढील गोष्टींत हात घालू नये आणि गाडी चालवत नेण्याऐवजी टेम्पोत घालून न्यावी. चासीवर किंवा किटच्या पट्टीवर वेल्डिंगजवळ केसासारखी रेघ किंवा गंजाचा बारीक ओघळ दिसला तर तो तडा आहे. नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून त्यावर टाका मारून घेणे हा उपाय नव्हे, कारण चुकीच्या ठिकाणी तापवलेली नळी टाक्याच्या शेजारी पुन्हा तुटते. हँडल मध्यावर अडकल्यासारखे खटकत असेल किंवा विशिष्ट वेगाला थरथरत असेल तर कोनसेट, टी किंवा फोर्क, म्हणजे हँडल आणि पुढचे चाक जोडणारे भाग, पाहावे लागतात. ब्रेक लावताच गाडी एका बाजूला झेपावत असेल, किंवा गाडी एकदा उलटून पुन्हा उभी केलेली असेल, तर ती वरवर सरळ दिसत असली तरी तपासून घेतल्याशिवाय वापरू नये. आणि हवा, ओझे, बैठक, ढाळ, नट हे सारे पाहूनही सपाट काँक्रीटवर ओढ कायम असेल, तर तुमचे काम संपले.

चाकांची जागा, रुंदी किंवा किट बदलायचे ठरले तर तो केवळ गॅरेजचा विषय राहत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील असा बदल नोंदवावा लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून कायदा अशा गाडीला 'इनव्हॅलिड कॅरेज' हे जुने, खटकणारे नाव न वापरता अनुकूलित वाहन म्हणतो. वाहन चालवण्याच्या परवान्यातही तिचा वेगळा वर्ग आहे. आरसी बुकात नोंद आणि विमा कंपनीला कळवणे ही दोन्ही कामे बदलाबरोबरच उरकावीत.

मेकॅनिककडे जाताना 'गाडी ओढते' एवढेच सांगू नये. कागदावर लिहून न्यावे : चारही टायरची थंड हवा, सपाट जागेवर जाताना आणि येताना कोणत्या बाजूला ओढते, कोणत्या वेगाला, एकटे असताना की मागे कोणी बसल्यावर, दोरीने मोजलेली चार अंतरे, आणि किट बसवल्याची तारीख व तेव्हाचे किलोमीटर. गाडी परत घेताना त्याच काँक्रीटच्या आवारात एक फेरी जाऊन-येऊन मारावी, त्याला मागून चालत यायला सांगावे, आणि पैसे त्या फेरीनंतर द्यावेत. शंभर किलोमीटर झाले की रंगाच्या रेघा पुन्हा एकदा पाहाव्यात.